वीस टक्के आणि एक शब्द

मुलुंड (पूर्व)
१२ जून २०२३

अनंता,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला गेले आणि पेन अडलं. सात वर्षांत तू ते घ्यायला आला नाहीस, मग कागदावर कशाला सांडू? म्हणून नुसतं नाव लिहिलंय. पत्ता कल्पिताकडून घेतला. माझ्या पोरीला ओरडू नकोस, मीच तिच्या खनपटीला बसले होते. फोन तू माझा उचलत नाहीस. मुलुंडहून बोरिवली म्हणजे काही विलायत नव्हे, पण आपण दोघांनी मिळून मध्ये समुद्र आणून ठेवलाय.

काम आहे. कामाशिवाय मी कोणाच्या दारात उभी राहत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

आपल्या धुरी वर्क्सच्या विक्रीकराचं जुनं लचांड निस्तरायची वेळ आलीय. सरकारने अभय योजना काढलीय. देवदत्तने घाटकोपरला ऑफिसात बोलावून समजावून सांगितलं. तोच आपला कर सल्लागार. केस पिकले, चष्मा दोनदा बदलला, फी तीनदा बदलली. तर २०११-१२ सालची आपली थकबाकी, कर, व्याज, दंड सगळं धरून, सात लाख बारा हजार चारशे साठ. त्यातले वीस टक्के एकरकमी भरले की बाकीचे ऐंशी सरकार सोडून देणार. वीस टक्के म्हणजे एक लाख बेचाळीस हजार चारशे ब्याण्णव.

मी आधी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, "धुरी वर्क्सने आजवर कोणाचा रुपया बुडवला नाही. आणि आता सरकारकडे पदर पसरून माफी मागू?" तर म्हणाला, "वहिनी, माफी तुम्ही नाही मागत, ते देतायत. मूळ कर दोन लाखांच्या आसपास होता. बाकीचं सगळं वर वाढलेलं गवत आहे. आणि कराच्या आदेशावर केलेलं अपील हरलात तर वसुली दोन्ही भागीदारांच्या मागे लागेल. तुमची खोली, अनंतारावांची खोली, काही सुटणार नाही." तुझ्या खोलीचं नाव निघालं तशी मी 'बरं' म्हटलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी कागद स्वच्छ असावा म्हणून पुन्हा लिहिते. आपण त्या वर्षी बेळगावला चकलीचे सोरे पाठवले. दुसऱ्या राज्यात माल गेला की कर दोन टक्के, पण माल घेणाऱ्याने 'सी' फॉर्म द्यायचा. फॉर्म नसला की पूर्ण दराने कर. आपल्याकडे ते फॉर्म निघाले नाहीत. गाळा बदलताना कुठे गेले ते आता त्या लोखंडी कपाटालाच विचारायला हवं.

पैसे माझ्याकडे आहेत. गाळा बंद केला तेव्हा पॉवर प्रेस विकला, ते बँकेत तसेच आहेत. तुझी दमडी नको. फक्त अपील मागे घ्यायच्या अर्जावर तुझी सही हवी. दोन भागीदार, दोन सह्या. अर्ज सोबत आहे, पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर.

बोरिवलीत पाणी बरं येतं ना? अंधेरीच्या त्या कंपनीत लेथवर तूच बसतोस की पोरांना शिकवतोस? सांगायचं नसेल तर नको सांगूस.

वैनी


मुलुंड
३ जुलै २०२३

अनंता,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, माझाच अर्ज कोरा परत आला आणि मागच्या बाजूला दीड ओळ. "सही करणार नाही. अपिलात माझ्याबद्दल जो शब्द लिहिलाय तो आधी काढ." एवढंच. ना वैनी, ना नमस्कार.

वाचून माझं डोकं असं तापलं की दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवलं. अरे, मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. लालबागच्या खोलीत माझ्या लग्नाच्या पाटावर मधे येऊन बसलास आणि भटजीला म्हणालास, "माका पण बुंदी." तुझ्या भावाचा गिरणीचा पगार बंद झाला तेव्हा मी खानावळीच्या पोळ्या लाटल्या, पण तुझी शाळा थांबू दिली नाही. हे उपकार म्हणून लिहीत नाही. उलटा हिशोबही मला माहीत आहे. चौथीपर्यंत शिकलेली मी, एबीसीडी तुझ्या पाचवीच्या पुस्तकातून शिकले. तू तवा वाजवून विचारायचास, "वैनी, बी फॉर?" आणि मी पोळी उलटता उलटता सांगायचे. त्याच एबीसीडीच्या जोरावर पुढे धुरी वर्क्सची बिलं मी लिहिली. बँकेतल्या साहेबाने एकदा विचारलं होतं, "मॅडम, कुठल्या कॉलेजच्या?" मी म्हटलं, "घरच्याच."

आणि तुझं काम! पितळी सोऱ्याचे आटे तू कापायचास तसे मुंबईत कोणी कापत नव्हतं. बाई एका हाताने दांडा फिरवते आणि चकली तुटत नाही. दादरच्या दुकानदाराने सांगितलं होतं, "मागून घेतात हो, धुरीचा सोऱ्या द्या म्हणून." तुझा भाऊ गेला त्या वर्षीसुद्धा आपण दिवाळीचा माल चुकवला नाही. हे सगळं एका शब्दापायी मातीत घालणार तू?

आता त्या शब्दाचं. 'हलगर्जीपणा'. मान्य, लिहिलाय. "भागीदार श्री. अनंता खंडू धुरी यांच्या हलगर्जीपणामुळे सदर फॉर्म गहाळ झाले." पण ती ऑफिसची भाषा असते रे. अपिलात फॉर्म का नाहीत याचं कारण लिहावं लागतं. मी देवदत्तला सांगितलं, त्याने त्याच्या पद्धतीने मांडलं, मी सही केली. कोण वाचतंय ते? माझगावच्या ऑफिसात अशा फायली छताला टेकल्यात.

तू वाचलास. ठाऊक आहे. ड्रॉवरमधून बिलबुक काढायला गेलास आणि ती प्रत हाताला लागली. मी दारात उभी होते. तू एवढंच म्हणालास, "वैनी, हलगर्जी?" मी म्हटलं, "चहा घे आधी." तू हात धुतलेस, तुझा मायक्रोमीटर डब्यात ठेवलास आणि गेलास. तेवढ्यावरून कोणी सात वर्षं अबोला धरतं का?

काल कल्पिताचा बेळगावहून फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं आणि मध्येच विचारते, "आई, तेव्हा आमच्या अण्णांनी ते फॉर्म नक्की पाठवले होते ना गं?" तेवढ्यात माझं दूध उतू जाऊ लागलं, म्हणून फोन ठेवला.

योजनेची मुदत ऑक्टोबरअखेर आहे. शहाणपणाने वाग. अर्ज पुन्हा पाठवतेय.

वैनी


मुलुंड
९ ऑगस्ट २०२३

अनंता,

दूध उतू जात नव्हतं. गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. तिथूनच सुरुवात करते.

महिना झाला, तुझ्याकडून या खेपेला कोरा अर्जही आला नाही. मी रोज जिन्याखालच्या पेटीत हात घालून बघते. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आजी, कोणाचं लग्नबिग्न ठरतंय का?" म्हटलं, "मोडलेलं जुळवतेय."

तर ऐक. ते फॉर्म हरवले नाहीत. ते आलेच नव्हते. आणि आले नाहीत, कारण मी ते कधी मागितलेच नाहीत.

बस, लिहून झालं.

बेळगावचं गिऱ्हाईक कोण होतं, तुला ठाऊक आहे. कल्पिताचे सासरे, आपले अण्णा. त्यांचं भांड्यांचं दुकान, आपले सोरे. लग्नाच्या बोलणीत त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "नारळ आणि मुलगी, याशिवाय आम्हाला काही नको." मांडवाचा अर्धा खर्चही त्यांनीच उचलला. तुझा भाऊ नव्हता. पोरीचं लग्न मी बाईमाणसाने लावलं, आणि ताठ मानेने लावलं. पण त्याच मांडवात त्यांच्याकडची एक म्हातारी कोणाला तरी म्हणाली, "सोरे करणाऱ्यांची पोर आणली अण्णाने. आता बघा, उधारीवर माल खपवायला येतील." मी ऐकलं. तुला सांगितलं नाही, तू मांडव डोक्यावर घेतला असतास. त्या दिवशी मी मनात गाठ मारली, या घरात काही म्हणजे काही मागायचं नाही. मुलीच्या सासरी हात पसरायचा नाही, हे तर आईने शिकवलेलंच होतं. मी तिथे पाण्याचा पेलासुद्धा मागून घेत नसे.

कल्पिताच्या बाळाच्या बारशाला गेले होते, आठवतं? तूच माझ्या पर्समध्ये यादी घातली होतीस. बिल नंबर, तारखा, रकमा, सगळं तुझ्या टिपटॉप अक्षरात. म्हणालास, "वैनी, लाजू नकोस हां. एक दिवसाचं काम आहे त्यांचं." मी म्हटलं, "मी कसली लाजते!"

बारसं झालं. पाहुणे पांगले. अण्णा स्वतः खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "विहीणबाई, हिशोबाचं काही राहिलं असेल तर मोकळेपणाने सांगा. व्यवहार तो व्यवहार." यादी माझ्या मांडीवर, पर्समध्ये. आणि मी काय बोलले? "छे, छे! आपल्यात कसलं काय राहायचं!"

परत आले. तू विचारलंस, "बोललीस?" मी म्हटलं, "पोस्टाने पाठवतायत." दोन महिन्यांनी विचारलंस, म्हटलं, "निघालेत." वर्षाने विचारलंस तेव्हा म्हटलं, "आले, कपाटात ठेवलेत." का म्हटलं? तू स्वतःच फोन करायला निघाला होतास अण्णांना. आणि त्यांना कळलं असतं की आपण कर भरण्यात अडकलोय, कागदासाठी त्यांच्या तोंडाकडे बघतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी पुढे सात लाखांची झाली.

मग २०१६ ला कराचा आदेश आला. देवदत्तने विचारलं, "फॉर्म कुठायत?" आता कपाट रिकामं. मी म्हटलं, "गाळा बदलताना अनंताने सामान हलवलं, त्यात गेले." तुझ्या नावावर ढकललं, कारण तू घरचा. घरच्या माणसाला काहीही चालतं, असं मला वाटलं. तो शब्द मी वाचला होता सही करताना. 'देवदत्तने त्याच्या पद्धतीने मांडलं' असं मागच्या पत्रात लिहिलं, तेही पूर्ण खरं नाही. त्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "वहिनी, फार कडक होत नाही ना?" मी म्हटलं, "राहू दे."

जो माणूस डब्यातले स्क्रूसुद्धा मोजून ठेवायचा, त्याला मी हलगर्जी म्हटलं.

आता सहीचं राहू दे बाजूला. मी काय करते ते बघ.

वैनी


बेळगाव
२८ ऑगस्ट २०२३

अनंता,

हे पत्र कल्पिताच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. तिला वाटतं मी तिच्या जावेला पुरणपोळीची कृती लिहून देतेय.

काल अण्णांशी बोलले. आता त्यांना एक पाऊल टाकायला काठी लागते, पण दुकानात सकाळी दोन तास बसतातच. मी तिथेच गेले. घरात बोलले असते तर कल्पिताची सासू चहा घेऊन आली असती आणि माझं पुन्हा 'छे, छे' झालं असतं. दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले. गल्ल्यापलीकडे अण्णा, अलीकडे मी.

म्हटलं, "अण्णा, एक मागायला आलेय."

ते हसले. "विहीणबाई आणि मागणार? उन्हं डोक्यात गेली की काय?"

म्हटलं, "अकरा वर्षांपूर्वी मागायचं होतं, ते आज मागते." आणि सगळं सांगितलं. सगळं. बारसं, यादी, पोस्ट, कपाट, तू. त्या म्हातारीचं बोलणं तेवढं सांगितलं नाही, ती आता नाही आणि तिची सून समोरच्या दुकानात असते.

अण्णांनी हातातली काठी गल्ल्याला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "अहो, मी वाट बघत होतो. दोनदा वाटलं, स्वतःच फॉर्म काढून पाठवावेत. मग म्हटलं, विहीणबाई स्वाभिमानी, त्यांना वाटेल आम्ही त्यांना अडाणी समजतो. त्यांनी भरला असेल पूर्ण कर." अनंता, दोन्हीकडून नाकं एवढी वर, की मधला कागद कोणालाच दिसला नाही. मला हसू आलं आणि तेही हसायला लागले. दुकानातल्या माणसाने घाबरून पाणी आणलं.

आता त्या फॉर्मचा उपयोग नाही, एवढं मला कळतं. मी दुसरंच मागितलं. म्हटलं, "मला तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर लिहून द्या, की धुरी वर्क्सने त्या वर्षीचे फॉर्म तुमच्याकडे कधी मागितले नाहीत, आणि तुम्ही कधी पाठवले नाहीत." ते म्हणाले, "यात तुमचीच नाचक्की आहे." मी म्हटलं, "माझीच आहे. नावासकट लिहा."

मुलाला हाक मारून त्यांनी टाईप करून घेतलं, शिक्का मारला आणि सही करताना म्हणाले, "तुमचे ते सोरे अजून माझ्या घरी चालतात. दीर कसे आहेत तुमचे?" मी म्हटलं, "माझ्यावर रागावलेत. बरोबर रागावलेत."

मागून मिळालेली ही माझी आयुष्यातली पहिली वस्तू. जीव गेला नाही. उलट दोन वाट्या आमटी जास्त जेवले.

वैनी


मुलुंड
२६ सप्टेंबर २०२३

अनंता,

आज माझगावला जाऊन आले. देवदत्त बरोबर होता, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करून.

पैसे आधीच भरले. बँकेतून थेट गेले, एक लाख बेचाळीस हजार चारशे ब्याण्णव, चलन सोबत आहे. योजनेचा अर्ज संगणकावरच करायचा असतो, तोही झाला. राहिलं होतं ते अपील मागे घेतल्याचं पत्र. त्याच्याबरोबर मी दोन कागद जोडायला नेले होते. एक अण्णांचं पत्र. दुसरं माझं शपथपत्र, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, मजकूर माझा, शुद्धलेखन देवदत्तचं.

देवदत्त गाडीत सगळ्या वाटेने मला समजावत होता. "वहिनी, योजनेत कारण कोणी विचारत नाही. पैसे भरले, विषय संपला. आपण होऊन लिहून द्यायचं की आधीचं खोटं होतं? हात दाखवून अवलक्षण! साहेबांनी उलट काही काढलं तर?" मी म्हटलं, "काढू दे. मला जे काही करायचं ते मी करून घेईन, तू फी घेतलीस ना?" "या खेपेची नाही घेतली," म्हणाला. खरंच घेतली नव्हती. मग मी जरा मऊ बोलले.

आत एक मॅडम होत्या, आपल्या कल्पिताच्या वयाच्या. त्यांनी अपिलाचं पत्र घेतलं, चलन बघितलं, म्हणाल्या, "झालं आजी. आता आदेश येईल." मी दोन कागद पुढे केले.

त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. "हे कशासाठी? याने तुमची रक्कम एक रुपया कमी होणार नाही."

"कमी करायला नाही आणले. फायलीत माझ्या दिरांबद्दल एक शब्द आहे, तो काढायचाय."

"दाखल झालेल्या कागदातला शब्द काढता येत नाही, आजी."

"मग त्याच्या शेजारी हे ठेवा. उद्या कोणी तो वाचला, तर लगेच हेही वाचेल."

"अहो, पण यासाठी अर्जात रकानाच नाहीये."

मी म्हटलं, "रकाना नसला म्हणून काय झालं? टाचणी आहे ना?"

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खुदकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दीर तुमच्याबरोबर राहतात?" मी म्हटलं, "नाही. म्हणूनच." मग त्या उठल्या, दोन्ही कागद स्वतः फायलीला लावले, आणि माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून तारीख घातली. "चालेल?" म्हणाल्या. मी म्हटलं, "पळेल."

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसले. देवदत्त घाबरला, चक्कर आली की काय. म्हटलं, "नाही रे, जरा बसू दे." शिक्क्याची शाई ओली होती, ती फुंकर घालून वाळवली. अनंता, धुरी वर्क्सच्या पहिल्या बिलाचे पैसे आले तेव्हा तुझ्या भावाला जेवढा अभिमान वाटला नसेल, तेवढा मला आज वाटला. सात लाखांचे दीड झाले त्याचा नव्हे. त्याचा हिशोब सरकारने केला. हा माझा मी केला.

ती शिक्क्याची प्रत सोबत पाठवतेय. झेरॉक्स माझ्याकडे ठेवलीय, मूळ तुझ्याकडे असू दे.

आणि आणखी एक. तुझी सही लागत नव्हती. कुठल्याही एका भागीदाराची चालते, देवदत्तने जूनमध्येच सांगितलं होतं. तुला पत्र लिहायला मला काहीतरी काम हवं होतं. बिनकामाचं लिहायची हिंमत नव्हती, म्हणून सही मागितली. बघ, मागायला मी तुझ्यापासूनच सुरुवात केली होती, पण तेही खोटं बोलून.

आता खोटं काही शिल्लक नाही. उत्तर दिलंस तर दे. नाही दिलंस तरी तो शिक्का पुसत नाही.

वैनी


मुलुंड
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय अनंता,

योजनेचा आदेश आला. थकबाकी शून्य. देवदत्तने फोनवर वाचून दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, अभिनंदन." मी त्याला चकलीचा डबा दिला. यंदा दोन किलो भाजणी केली, खांदा दुखतो पण दांडा अजून लोण्यासारखा फिरतो.

खरं पत्र त्यासाठी नाही. तुझं पाकीट भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी मिळालं. मी आधी उघडलंच नाही. देवासमोर ठेवलं, मग वाटलं देवाला कशाला मध्ये घालायचं, म्हणून कात्रीने नीट कापून उघडलं.

आत चेक. एकाहत्तर हजार दोनशे शेहेचाळीस. मी पेन घेऊन भागून बघितलं, बरोबर अर्धे, रुपयाचाही फरक नाही. आणि तुझी चिठ्ठी: "वैनी, कागद मिळाला. वीस टक्क्यांतले अर्धे माझे. मी भागीदार होतो. माल मीही बनवला होता, आणि बेळगावला फोन मीही करू शकलो असतो. तू फॉर्म आले म्हणालीस, मी ऐकलं. अनंता."

खरं सांगू? पहिली गोष्ट माझ्या हातून काय झाली, तर मी ते पाकीट परत बंद करायला डिंक शोधला. म्हटलं, मी जूनमध्ये लिहिलं होतं, तुझी दमडी नको. धाकट्या दिराचे पैसे घेऊ? अंधेरीच्या कंपनीत उभं राहून कमावलेले? पाकिटावर तुझा पत्तासुद्धा लिहून झाला.

मग चहा केला आणि तुझी चिठ्ठी परत वाचली. "मी भागीदार होतो." चेक परत पाठवला असता, तर मीच पुन्हा मोठी, मीच पुन्हा देणारी, आणि तू पुन्हा त्या फायलीतला कोणीतरी, ज्याच्या हातून कागद हरवतात. अपिलातून तुझं नाव सोडवलं आणि हिशोबातून परत पुसलं, असं झालं असतं. नाक किती वर ठेवायचं त्यालाही माप असावं. तूच म्हणायचास, आटे जास्त घट्ट केले की दांडा मोडतो.

तर मी सकाळी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने चेक बघून विचारलं, "आजी, मुलगा का?"

मी म्हटलं, "नाही गं. भागीदार."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते. आयुष्यात खूप नाती सांगितली मी, दीर म्हटलं, पोरासारखा म्हटलं, कधी रागावून मेला म्हटलं. पण हा शब्द पहिल्यांदा तोंडातून असा निघाला, की मी मागे वळून बघितलं, रांगेतल्या लोकांनी ऐकलं की नाही.

व्यवहार तो व्यवहार, म्हणून खाली पावती लिहिलीय. कापून ठेव.

_पावती_
_श्री. अनंता खंडू धुरी, भागीदार, धुरी वर्क्स, यांजकडून २०११-१२ च्या विक्रीकर तडजोडीतील त्यांच्या निम्म्या हिश्श्याचे रुपये एकाहत्तर हजार दोनशे शेहेचाळीस फक्त, चेकने मिळाले. त्यांच्याकडे काही बाकी नाही._
_सगुणा मधुकर धुरी, भागीदार_